डोंगर चढणारा फोटोग्राफर

दिशाच्या लग्नाचा फोटोग्राफर घड्याळ लावून निवडला गेला. निकष एकच होता: डोंगर कोण लवकर चढतो.

लग्न त्र्यंबकेश्वरजवळच्या एका डोंगरमाथ्यावर होतं. दिशा आणि ज्ञानेशची ओळख ट्रेकमध्ये झालेली, त्यामुळे हॉल नको, हे दोघांचं आधीच ठरलं होतं. अडचण दिशाच्या आईची, मंगलाबाईंची होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झाले होते. डॉक्टरांनी चढायला सक्त मनाई केली. लेकीसाठी त्या पायथ्याशी थांबायला तयार झाल्या.

"जा बाई तुम्ही वर," त्या म्हणाल्या. "मला फक्त अंतरपाट धरलेला दिसू दे, अन् हार घालतानाचं तुझं तोंड. बाकी काय नको."

"आई, एकूण एक विधी फोटोत येईल. शब्द देते."

शब्द पाळायचा तर फोटोग्राफर वर पोचला पाहिजे, असा हिशोब दिशाच्या वडिलांनी, खंडेरावांनी मांडला. त्यांची मखमलाबादला फुलशेती. गडी कामाला ठेवतानाही ते आधी त्याला सरीतून चालवून बघत. त्यांनी दोन फोटोग्राफरांना डोंगरावर बोलावलं. सावळीरामकाकांनी घरातली तीन लग्नं आणि पाच बारशी टिपली होती. ते अर्ध्या वाटेत दगडावर बसले. ओम नावाचा तरुण अडतीस मिनिटांत माथ्यावर पोचला, तोही पाठीवर दहा किलोची बॅग घेऊन.

"पोरगं घोरपडीवानी चढतं," खंडेराव खूश झाले. "ठरलं!"

"काका, माझे फोटो तरी बघा," ओम मोबाइल पुढे करत म्हणाला.

"फोटो काय, मशीन काढतं."

फोटो पाहिले असते तर सुळके, कडे आणि ढग दिसले असते. त्यांत माणूस एकही नव्हता.

पुढची चूक दिशाची. पाहुण्यांनी लग्न डोळ्यांनी पाहावं म्हणून तिनं सगळ्यांचे मोबाइल पायथ्याशीच पिशवीत जमा करून घेतले.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ओम समोरच्या डोंगराच्या सोंडेवर होता. मध्ये दरी.

"अरे, जवळ ये की!" खंडेराव ओरडले.

"काका, इथनं डोंगर पूर्ण येतोय!" पलीकडून उत्तर आलं. "हलू नका कोणी!"

सप्तपदीही त्यानं तिथूनच टिपली.

महिन्याभरानं अल्बम आला. मंगलाबाई चष्मा लावून बसल्या. पहिल्या पानावर डोंगर. दुसऱ्यावर डोंगर आणि ढग. तिसरं पान उलगडता उलगडता दोन हात लांब झालं.

"तू कुठंय गं?"

"हा लाल ठिपका, आई."

"अन् जावईबापू?"

"शेजारचा पांढरा."

"अंतरपाट?"

दिशा पानावर वाकून शोधू लागली. मंगलाबाईंचं बोट फोटोतल्या उतारावरून घसरत पायथ्याशी आलं.

"ही आपली जीप. मंग मी कुठंय? जीपच्या पुढंच उभी होते. अकरा चाळीसचा मुहूर्त झाला तसं वर बघून अक्षता टाकल्या. एकटीनंच. मंगलाष्टकं काय तिथवर ऐकू येईनात, सगळं अंदाजानं."

दिशाला हे माहीत नव्हतं. जीपपुढे नुसतं गवत होतं. तिनं ओमला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि जीपपुढे कोणी दिसलं होतं का, ते विचारलं.

"जीपपुढचं पिवळं ना?" ओमचा आवाज उत्साही होता. "ते काढलं मी, ताई. प्लास्टिक होतं काहीतरी. डोंगरात कचरा बघवत नाही आपल्याला. एकदम साफ केलं."

"ती आई होती."

दिशानं निदान मूळ फोटो तरी मागितला. तोही उरला नव्हता. पुढच्या डोंगरासाठी जागा हवी म्हणून त्यानं कार्ड पुसलं होतं.

"असू दे, पोरा," मंगलाबाई फोनकडे बघत म्हणाल्या. "साडी मीच हट्टानं पिवळी घेतली."

अल्बम आता बैठकीच्या खोलीत असतो. कुणीही आलं की मंगलाबाई ते लांब पान उलगडतात. "ही दिशा," म्हणून लाल ठिपक्यावर बोट ठेवतात. मग बोट सावकाश खाली नेतात, जीपपुढच्या गवतावर टेकवतात आणि म्हणतात, "अन् ही मी."

पाहुणे वाकून बघतात आणि "हो, हो," म्हणतात.