बारा कोटांची पाटी

"बाई, तुम्ही बालवाडीत असं काय शिकवता, जे मी घरी फुकटात शिकवू शकत नाही?"

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पैज माझ्या बाकावरच्या दोघींची. ‘विचारून दाखव, तर तू खरी’ असं म्हणून दोघी बालवाडीच्या फाटकाबाहेर दडून बसल्या आणि मी तडक आत! गेल्या महिन्यात वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून मला कोणालाही काहीही विचारायची भीती वाटेनाशी झाली आहे.

मोठ्या बाई ओळीने मुलांची नाकं पुसत होत्या. पाचव्या नाकाकडे वळता वळता त्या शांतपणे म्हणाल्या, "शिकवत फार नाही गं. शिकवल्यावर मुलं काय करतात, तिकडे लक्ष ठेवतो."

एवढंच? आणि त्याची फी घेतात? मी त्याच पावली घरी जाऊन जाहीर केलं की सोमवारपासून भिंगरीची शाळा घरीच, शिक्षिका मी, खर्च शून्य.

भिंगरी म्हणजे माझी चार वर्षांची बहीण. तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही, कारण नाव उच्चारून होईपर्यंत ती दुसऱ्या खोलीत पोचलेली असते. आमचे आई-बाबा शिवणकाम करतात. पुढच्या खोलीतच दुकान आहे. आई कापड कापते, बाबा शिवतात. त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजने त्यांना बारा कोट सांगितले होते, गडद निळे, बारा मेकॅनिकांच्या बारा मापांचे. शनिवारी सकाळी नऊला बाराही कोट अंगावर नीट बसले, तर सगळ्या कामगारांचं काम वर्षभर आमच्याकडे येणार होतं. मग भिंगरी बालवाडीत जाणार होती. नाही बसले, तर ना काम, ना बालवाडी.

म्हणून तर मी पुढे सरसावले होते! बाबांनी सुईत दोरा ओवता ओवता माझ्याकडे पाहिलं आणि "तू?" एवढंच म्हणाले. इतक्या छोट्या शब्दात इतका मोठा अपमान मावतो, हे मला तेव्हा कळलं.

माझी शाळा सकाळची, त्यामुळे भिंगरीची दुपारची. पाटी विकत आणायची नाही, हे ठरलेलंच होतं. माझ्या सुपीक डोक्यातून उपाय निघाला. निळ्या कापडाची कातरण घ्यायची, तिच्यावर आईच्या पांढऱ्या खडूने ‘१’ काढायचा आणि धडा संपला की हाताने झटकायचा. पाटी कोरी! भिंगरीला एक आकडा काढायला आवडे आणि झटकायला त्याच्या दसपट आवडे. दुसरा धडा होता ‘सारखं सारख्याजवळ’. बटणं बटणांत, रिळं रिळांत. बरोबर आलं की तिच्या तळहातावर खडूने एक चांदणी.

मंगळवारी तिने घरातल्या चपला लावल्या. सगळ्या डाव्या एका भिंतीला, सगळ्या उजव्या समोरच्या भिंतीला. बाबा घाईत दोन डाव्या घालून दोऱ्याच्या दुकानात जाऊन आले आणि दिवसभर म्हणत होते की आज चालताना काहीतरी चुकतंय. मी भिंगरीला दोन चांदण्या दिल्या. मग तिने स्वयंपाकघर घेतलं. झाकणं झाकणांजवळ, डबे डब्यांजवळ. साखरेला मुंग्या लागल्या, पण वर्गीकरण निर्दोष होतं! आईने डोक्याला हात लावला. मी तिला समजावलं की शिक्षणात थोडं नुकसान होतंच. आईने मला जे उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवारी दुपारी आई-बाबा बटणं आणायला बाजारात गेले. निघताना आईने कापायच्या टेबलाकडे बोट दाखवलं. बाराही कोट कापून तयार होते. प्रत्येकाचे तुकडे चिंधीने बांधलेले, वर मेकॅनिकच्या नावाची चिठ्ठी, आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने त्या कोटाचा नंबर. मला म्हणाली, हिच्यावर लक्ष ठेव. मी म्हटलं, शिक्षिकेला हे सांगावं लागतं का?

मग मी भिंगरीला एक आकडा गिरवायला दिला आणि मैत्रिणींना शाळेचं यश कळवायला फोन घेऊन जिन्यात बसले. दहाच मिनिटं. म्हणजे बोलणं दहा मिनिटांचंच होतं, हसणं धरून पाऊण तास झाला.

आत आले आणि दारातच थबकले.

टेबलावर एकही गठ्ठा नव्हता! जमिनीवर चोवीस बाह्यांचा एक ढीग होता. शेजारी चोवीस पुढचे भाग, मग बारा पाठी, बारा कॉलरी, आणि खिशांचा एक बुटका मनोरा. चिंध्या एकीकडे. बारा चिठ्ठ्या एकीकडे, कडा जुळवून, पत्त्यांच्या कॅटसारख्या. आणि सगळे तुकडे कसे स्वच्छ निळेशार! एकावरही नंबर नाही. सगळ्या पाट्या पुसून झाल्या होत्या.

भिंगरी खडूच्या धुरळ्यात पांढरीफटक होऊन उभी होती. तिने हात पुढे केला. "ताई, चांदणी दे. सगळं बरोबर आलंय."

आणि सगळं बरोबरच आलं होतं, हीच तर पंचाईत! तिला काय म्हणून रागवू? वक्तृत्वाच्या कपासकट माझा सगळा आवाज कुठे गेला कोण जाणे. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

बाबांच्या हातातली बटणांची पुडी खाली पडली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि ढिगाकडे बघत राहिले. आईने मात्र माझ्याकडे पाहिलं.

"हिला हे कोणी शिकवलं?"

"मी," मी म्हटलं. त्या दिवशी मला येणारं तेवढं एकच उत्तर होतं.

मापांची वही होती म्हणून वाचलो. एकेक तुकडा मोजायचा, वहीत कोणाशी जुळतो ते बघायचं आणि नंबर पुन्हा घालायचा. पाप माझं, म्हणून टेप मीच उचलली. पहिली बाही मोजली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "एकसष्ट!"

बाबांनी वही खाली ठेवली. "बाही एकसष्ट इंच? हा मेकॅनिक आहे की क्रेन?"

मी टेप उलटी धरून सेंटिमीटर वाचत होते. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली. माझं जाहीर निलंबनच म्हणा ना!

भिंगरीला मात्र काम मिळालं. ती एका बाहीवर दुसरी बाही पसरून म्हणे, ही आणि ही जोडी. आई टेप लावून बघे, तर जोडीच! मी कोपऱ्यात बसून दोघींना बघत होते. शिकवलेलं सगळं तिला आलं होतं. मी फक्त तिच्याकडे बघितलं नव्हतं. संध्याकाळ होईपर्यंत बाराही गठ्ठे पुन्हा बांधले गेले, आणि गुरुवार-शुक्रवार बाबांचं मशीन जेवणापुरतंच थांबलं.

शनिवारी नऊला बाबा कोट घेऊन गेले. माझ्या शाळेला सुट्टी होती, घरात आम्ही तिघी दाराकडे तोंड करून बसलो. भिंगरीसुद्धा बसली, यावरून काय ते समजा! साडेदहाला बाबा आले, पाणी प्यायले, चप्पल सरळ लावली आणि मग म्हणाले, "बाराही बसले. सोमवारी बाकीच्यांची मापं घ्यायला जायचंय."

आईने डोळे पुसले आणि कपाटातून एक कागद काढून बाबांसमोर सहीला ठेवला. मी मान लांब केली. बालवाडीचा प्रवेशअर्ज, आईच्या अक्षरात पूर्ण भरलेला.

"हा कधी आणलास?" मी विचारलं.

"बुधवारी. बटणं आणायला गेलो, तेव्हा."

म्हणजे टेबलावरचे गठ्ठे शाबूत होते, तेव्हाच! शाळा सुरू होऊन तीन दिवससुद्धा झाले नव्हते आणि यांनी माझ्या मागे दुसरी शाळा बघून ठेवली होती! एवढा धक्का मला बाह्यांचा ढीग बघूनही बसला नव्हता.

बाबांनी सही केली. पण कोणाला काही विचारायची भीती नसलेल्या मुलीने गप्प कसं बसायचं? मी उठून ताठ उभी राहिले, घसा साफ केला आणि आई-बाबांना ठणकावून सांगितलं, "माझा निर्णय झालाय. भिंगरीला बालवाडीत घालायचं."