बेडकाला दाखवलेले ऊन

जाफराबादच्या महाविद्यालयात बद्रीनाथ प्राणिशास्त्राचे प्रयोगनिर्देशक होते, पण तात्पुरते. सोमवारी येणाऱ्या तपासणी समितीने शिफारस केली, तरच ते कायम होणार होते. म्हणून तीन आठवडे खपून त्यांनी एक अखंड बेडूक तयार करत आणला होता. रंग देऊन कूर्चा निळी, हाडे तांबडी आणि बरणीतल्या पोटॅशच्या पाण्यात मांस काचेसारखे पारदर्शक. कृतीचे टप्पे त्यांनी क्रमांक घालून भिंतीवर चिकटवले होते. आता सातवा आणि शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता: बेडूक ग्लिसरीनमध्ये ठेवणे.

शनिवारी मेहुणीच्या साखरपुड्यासाठी त्यांना केदारखेड्याला जावे लागले. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी सेविका गोजरबाईंकडे दिली आणि बरणीकडे लक्ष ठेवा, असे तीनदा बजावले. गोजरबाईंनी लक्ष ठेवले. बरणीच्या तोंडाला फडके बांधून त्यांनी ती दोन दिवस गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात ठेवली आणि सावली सरकेल तशी सरकवली.

सोमवारी सकाळी बरणीत बेडूक नव्हता. उन्हाने तापलेल्या पोटॅशमध्ये मांस पार विरघळून तळाशी तांबड्या-निळ्या हाडांचा ढीग झाला होता.

"गोजरबाई, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? तीन हप्ते बरणी भरून ठिवली अन् एक डाव ऊन दावलं न्हाई तुमी. लोणचं तरी मुरंल का असं? आता बघा, कसं बराबर सुटलंय."

समिती दहाला यायची होती. बद्रीनाथांनी चिमट्याने एकेक हाड उचलून धुतले आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर, नाकापासून बोटांपर्यंत, जागच्या जागी मांडले. शेवटचे पेर ठेवले तेव्हा समिती दारात उभी होती.

अध्यक्ष भिंग घेऊन बराच वेळ वाकून राहिले. अखंड बेडूक या दौऱ्यात चार ठिकाणी पाहिले, असे ते म्हणाले. एकही पेर न मोडता सुटा झालेला मात्र हा पहिलाच. पद्धत कोणती, असे त्यांनी विचारले.

बद्रीनाथांना खोटे बोलता येत नसे. प्रयोग फसला आहे, हे सांगायला त्यांनी तोंड उघडले, तोच दारातून गोजरबाई म्हणाल्या, "दोन दिस कडक ऊन, साहेब. फडकं बांधायचं, अन् बिलकुल ढवळायचं न्हाई."

अध्यक्षांनी ते टिपून घेतले.

महिन्याभराने कायम नेमणुकीचे पत्र आले. सोबत तसेच सहा बेडूक पाठवण्याची सूचनाही. बद्रीनाथांनी भिंतीवरच्या कागदावरील सातवा टप्पा खोडला, तिथे सुवाच्य अक्षरात 'ऊन दाखवणे' असे लिहिले आणि नव्या बरण्या घेऊन ते स्वतः गच्चीवर निघाले. फडके सुतीच हवे, असे गोजरबाईंनी त्यांना तीनदा बजावले.