सहाच्या आधी मांस नाही

मुलीच्या लग्नाची बोलणी दुपारी साडेबाराला ठरली आहेत, हे ऐकल्यावर बोंग दोक-सू पहिलं वाक्य बोलले ते लग्नाबद्दल नव्हतंच.

"संध्याकाळी साडेसहाला नाही का जमणार?"

जमणार नव्हतं. मुलाकडच्यांनी दक्षिण कोरियातल्या तेगू शहरातल्या एका प्रसिद्ध हॉटेलात खोली सांगून ठेवली होती. लोक रांगा लावतात ते तिथल्या निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या फासळ्यांसाठी, आणि अडचण नेमकी फासळ्यांचीच होती.

दोक-सूंना चार वर्षांपासून कंपवात होता. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे एखादी गोष्ट का अडते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, की तुमची गोळी आणि मांस-अंडी-टोफूतली प्रथिनं एकाच दारातून आत जायला बघतात. गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. दोक-सूंना हे लगेच पटलं. त्या दिवसापासून दिवसभर भात, भाज्या, रताळी आणि मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेलं तिखट लोणचं. मांस, मासळी, टोफू जे काय ते सहानंतर. तीन आठवड्यांत शर्टाची बटणं स्वतःच्या हाताने लागायला लागली. मग तर नेम वज्रलेप झाला. त्यांची बायको जोंग-रान म्हणायची, दोन-दोन स्वयंपाक करून माझेच हात थरथरायला लागलेत.

आजाराचं नवऱ्या मुलाला ठाऊक होतं, त्याच्या आईवडलांना नव्हतं. आधी त्यांनी माणूस बघावा, मग आजार, असा दोक-सूंचा हट्ट होता. म्हणजे त्या दुपारी हात स्थिर राहायलाच हवा होता. त्यांनी बाराला गोळी घेतली आणि सज्ज होऊन बसले.

मुलाचे वडील चू ह्योन-गू मोठे दिलदार. त्यांनी पहिली फासळी स्वतः भाजली, कात्रीने कापली आणि दोक-सूंच्या ताटात वाढली. व्याह्याने हाताने वाढलेलं टाकणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखंच. सगळे बघत होते.

"मी मांस खात नाही," दोक-सू म्हणाले.

चूंचा चेहरा उतरला, पण त्यांच्या बायकोचा, सोन-ओकबाईंचा, उजळला. त्या वीस वर्षं बौद्ध देवळात जाणाऱ्या. त्यांनी लगबगीने टोफू मागवला. दोक-सूंनी टोफूही नाकारला. अंडं आलं, तेही परत गेलं.

"टोफूसुद्धा नाही? अहो, आमचे भिक्षूदेखील टोफू खातात. किती वर्षं झाली?"

"चार," जोंग-रान म्हणाली. खोटं नव्हतं, म्हणून तिचा आवाजही हलला नाही.

सोयरीक जागच्या जागी पक्की झाली आणि तिथूनच घोटाळा वाढत गेला. सोन-ओकबाईंनी देवळात व्याह्यांचं व्रत सगळ्यांना सांगितलं. मग थोरल्या भिक्षूंनी त्यांना भेटायची इच्छा दर्शवली. मग बाईंनी घरातलं मांस बंद केलं. व्याह्यांना जमतं, तुम्हाला का नाही, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं.

एकोणीस दिवसांनी, संध्याकाळी सात वाजता, दोक-सू नेमाप्रमाणे जोंग-रानबरोबर मासळीबाजारामागच्या डुकराच्या मांसाच्या खानावळीत बसले होते. दुसरा घास घेताना त्यांना दिसलं, की दाराजवळच्या टेबलावर चू एकटेच, शेगडीवर जवळजवळ ओणवे होऊन जेवताहेत.

दोक-सूंनी गुपचूप निसटायचं ठरवलं. उठले, चार पावलं टाकली आणि नेमके चूंच्या टेबलापुढे त्यांचे पाय जमिनीला चिकटले. या आजारात ते असे मधूनच चिकटत. चूंनी मान वर केली. समोर व्रतस्थ व्याही खांबासारखे उभे, एकटक बघत. चू धडपडत उठले आणि कमरेत वाकले.

"व्याही, चुकलो. हिला सांगू नका. एकोणीस दिवस नुसता पाला खाल्लाय हो."

"मी रागावलेलो नाही," दोक-सू म्हणाले. "मला हलता येत नाहीये."

काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं. चूंनी टेबलावरच्या जेवायच्या काड्या पावला-पावलावर फरशीवर आडव्या मांडल्या. त्या ओलांडायच्या म्हटल्यावर पाय सुटले आणि दोक-सू खुर्चीपर्यंत पोचले. बसल्यावर त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. चूंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे तुमच्या गोळीपायी माझं मांस बंद झालं?"

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"लग्न मोडेल म्हणून."

चूंनी लेट्यूसच्या पानात मांस गुंडाळलं आणि त्यांच्यापुढे धरलं. हात थरथरत होता, तरी दोक-सूंनी ते स्वतःच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे सोन-ओकबाईंकडे गेले. जोंग-रानने गोळीचा अंमल चढेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. ते मुद्दाम थांबले नाहीत. ज्यांना सांगायचंय त्यांना दिसूही दे, म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आता देवळात काय तोंड दाखवू, असं त्यांच्या मनात आलं असावं. चेहऱ्यावर तरी तसंच होतं.

"सणावाराला तरी दुपारचं खाल्लं असेल की."

"एकदाही नाही."

बाई उठल्या, जवाचा चहा घेऊन आल्या. पेला अर्धाच भरला होता, सांडू नये इतका.

घरी परतल्यावर जोंग-रानने काय झालं विचारलं. चहा दिला, एवढंच त्यांना सांगता आलं. पुढचे आठ दिवस व्याह्यांकडून फोन नाही. मुलगी ह्ये-रिम जेवेना, आणि दोक-सू मात्र नेमाने रताळी खात राहिले.

नवव्या दिवशी पत्रिका आली. लग्न शनिवारी, संध्याकाळी साडेचार वाजता, जेवण सहाला. सगळं शहर दुपारी लग्न लावतं, तेव्हा नातेवाइकांचे फोन सुरू झाले. सोन-ओकबाई प्रत्येकाला शांतपणे सांगत होत्या, की थोरल्या भिक्षूंनीच मुहूर्त काढून दिलाय, आमचा काय इलाज.

भिक्षूंनी काढून दिलेला मुहूर्त सकाळी अकराचा होता.