हमीदमामा आणि मामीचं खोकं

हमीदमामांना दांडक्यानं हाणायचं, हे काम माझ्याकडं होतं. गैरसमज नको, मामा माझे घरमालक. दौंड सोडून रांजणगावच्या कंपनीत लागलो, तेव्हा कारेगावात त्यांच्या सहा खोल्यांपैकी एक मला मिळाली आणि खोलीबरोबर ही नेमणूकही. मामा विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावणार असले की मला बोलावणं यायचं. मी बाभळीचं कोरडं दांडकं घेऊन शेजारी उभं राहायचं. मामा चिकटले की घालायचं मनगटावर.

"जोरात घाल बरं का," मामा बजावायचे. "हात मोडला तरी चालंल. करंट आंधळा असतोय, त्याला माणूस दिसत न्हाई."

हसू यायचं, पण हसताना तळहाताला घामही सुटायचा. खरंच चिकटले तर? आणि ऐन वेळी माझा हातच उचलला नाही तर?

मामा धंद्यानं शिंपी. मशीन पायाचं, इस्त्री कोळशाची. दिव्याचं बटण दाबायचं ते कापड मोजायच्या लाकडी पट्टीनं, पायात रबरी चप्पल घालून. सकाळी लोक झाडांना पाणी घालतात, मामा अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायचे. नुसतं आभाळ भरून आलं तरी घरातले सगळे प्लग उपटून मोकळे. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "आधी जीव, मंग उजेड." तरुणपणी केंदूरच्या विहिरीवर त्यांचा धाकटा भाऊ मोटारीच्या स्टार्टरला चिकटून गेला. मामा चार हातांवर उभे होते. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं, मामा त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

अशा माणसाच्या घरात वूफर शिरला, तो माझ्यामुळं. कंपनीतला एक बिहारी दोस्त गावाकडं निघाला आणि "रख लो भाई, ट्रेन में कौन ढोएगा" म्हणत त्यानं ते गुडघ्याएवढं खोकं माझ्या गळ्यात मारलं. माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी ते मामांच्या टीव्हीला जोडून दिलं.

मामांची बायको, सकिनामामी, तापाच्या एका मोठ्या दुखण्यात ठार बहिरी झालेली. टीव्ही ती नुसता बघायची. त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता तिची पाठ खोक्याला टेकली आणि नेमकं मालिकेतल्या सासूनं धाडकन दार आपटलं. मामी दचकली. वळून खोक्यावर तळहात ठेवला आणि केवढ्यांदा ओरडली, "या अल्ला, वाजतंय की!"

तेव्हापासून ती मामीची जागा झाली. पाठ खोक्याला, मांडीवर सूप, आणि गाणं लागलं की मान डोलायला लागायची. मामी इतकी हसते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मामांच्या जिवाला मात्र घोर लागला. या वूफरचं मशीन, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर, खोक्यातच होतं, मागच्या बाजूला लोखंडी पत्र्यावर बसवलेलं. म्हणजे मेन लाइन थेट तिथवर. "माझ्या बायकूच्या पाठीशी करंट बसवला रं तू," ते मला म्हणायचे. रोज मामी बसायच्या आधी पत्र्याला टेस्टर लावून बघायचे, मी दांडकं घेऊन हजर. तेवढ्यानंही भागेना. एक दिवस मी ड्यूटीवर असताना त्यांनी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून सगळ्या पत्र्याला गुंडाळली आणि वरून गोधडी बांधली, करंट बाहेर येऊ नये म्हणून! आतल्या मशीनची ऊब बाहेर जाईना. चौथ्या दिवशी जळका वास सुटला आणि खोकं बंद पडलं.

"भीतीनंच मारलं की वो त्याला!" मी तडकून बोललो आणि लगेच जीभ चावली. मामांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

मामी दोन दिवस त्या मुक्या खोक्याला टेकून बसली. मधूनच त्याला थोपटायची, मामांकडं बघायची. तिसऱ्या दिवशी उठून भिंतीशी जाऊन बसली. टीव्हीकडं बघेचना. मामा घाबरले ते तेव्हा. मला म्हणाले, "पुन्हा गप झाली रं ही."

वडापच्या जीपमध्ये खोकं मांडीवर घेऊन आम्ही शिरूरला मेकॅनिककडं गेलो. त्यानं पत्रा उघडला, काळा पडलेला ट्रान्सफॉर्मर दाखवला.

"दोन वाटा हायेत, मामा. ट्रान्सफॉर्मर बदलून हेच रिपेर करतो, दणका पहिल्यासारखा. न्हाईतर नवं बांधू. मशीन असेंबल करून वर फळीवर ठिवायचं, खोक्यात नुसता स्पीकर. मेन लाइन खाली येणारच न्हाई."

"आन् दणका?"

"नवं मशीन बारकं हाय. थोडा उतरंल."

"किती उतरंल?"

"आता ते कानावर हाय."

"तिला कान न्हाईत रं बाबा," मामा म्हणाले.

मेकॅनिकनं पत्रा पुन्हा लावून दिला. मामा खोकं परत घेऊन आले. पुढचे आठ दिवस त्यांनी माझं डोकं खाल्लं. जुनं केलं तर करंट तिच्या पाठीशी. नवं केलं आणि तिच्या हाताला काही लागलंच नाही तर? पायजम्याचं माप घेता घेता गिऱ्हाइकांना विचारायचे. एक पाय दुसऱ्याहून आखूड शिवला, ते वेगळंच. माझी अवस्था त्याहून वाईट. कंपनीत मी पेनाच्या टोकानं बटणं दाबायला लागलो होतो, सुपरवायझर मला वेड्यात काढत होता.

नवव्या दिवशी मामा दारात आले. "एकदा चार हातांवर उभा ऱ्हायलो. आता न्हाई. नवं बांधायचं."

मेकॅनिकनं घरी येऊन मशीन फळीवर बसवलं, वायर खाली सोडली, टेस्टिंगसाठी एक माइक जोडला आणि मामांच्या हातात दिला. मामी आमच्याकडं पाठ करून, खोक्यापाशी तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन हातानंच खूण केली, तशी ती नाखुशीनं टेकली.

"बोला," मेकॅनिक म्हणाला.

"हॅलो," मामा म्हणाले. "हॅलो, हॅलो."

मामी निवडतच राहिली. मामांनी माझ्याकडं पाहिलं, आणि इतका भ्यालेला माणूस मी पुन्हा कधी पाहिला नाही. मेकॅनिकनं आवाज वाढवला. मामांनी माइक ओठांना लावला, डोळे मिटले आणि लांबून घराकडं येणारा माणूस देतो तशी हाक दिली, "सकिनाऽऽ!"

मी त्या घरात तीन वर्षं राहत होतो. मामांनी बायकोला हाक मारलेली कधी ऐकली नव्हती. मारून उपयोग काय होता?

मामीचे हात सुपात थांबले. पाठ खोक्याला तशीच टेकलेली ठेवून, मागं वळून न बघता, तांदळातला खडा बाजूला टाकत, ती म्हणाली, "ओऽ! काय म्हंता?"

मामा तसेच उभे होते, माइक तोंडाशी.