बळवंत तरसाची बसकी गाडी

एका जंगलात सगळ्यांकडे गाड्या होत्या आणि रस्ता एकच होता. तुम्ही विचाराल, जनावरांना गाड्या कशाला? बाळांनो, हा प्रश्न गाडी घेणाऱ्याला कधी विचारू नये. गिऱ्हाईक दुखावतं.

जंगलाचा राजा वाघ. त्याची गाडी मागून खाली बसलेली असायची. कारण साधं होतं. राजेसाहेब स्वतः मागच्या सीटवर बसायचे आणि डिकीत अख्खा गवा टाकायचे. रोज गवा सोसून कुठलीही स्प्रिंग दबणारच. राजेसाहेबांना याचा पत्ता नव्हता. तुमची गाडी मागून कशी दिसते, हे वाघाला कोण सांगणार?

प्रजा मात्र कायम मागूनच चालायची. तिला तेवढंच दिसायचं. तिने ठरवून टाकलं, मोठ्यांची गाडी मागून बसकीच असते.

लगेच घोरपडशेटने दुकान उघडलं. वर पाटी लावली, 'येथे आखूड स्प्रिंगा मिळतील. घरच्या घरी बसवा.' शेटचं स्वतःचं पोट जन्मापासून जमिनीला टेकलेलं. गिऱ्हाइकाला तो पोट दाखवून सांगायचा, "आमच्या घराण्यात ही फॅशन फार जुनी."

व्यापाऱ्याने असंच बोलावं. आमच्या बाजारात एक जाडा शिंपी होता. स्वतःचा सदरा त्याच्या पोटावर कधी धड बसला नाही. कोणी हसलं तर म्हणायचा, "चांगलं कापड सगळं गिऱ्हाइकांना गेलं." त्याच्याकडे रांग लागायची.

तर त्या जंगलात बळवंत नावाचा तरस राहायचा. तरस मुळातच पुढून उंच आणि मागून खाली. शाळेत सगळे त्याला 'घसरगुंडी' म्हणायचे. माकडांची पोरं खरोखरच त्याच्या पाठीवरून घसरायची. आता अचानक मागून खाली असणं हीच ऐट झाली. बळवंताला वाटलं, आपले दिवस आले.

त्यात त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी नाल्यापलीकडची. नाव सुंद्रा. सासरे केरबा तरस जुन्या वळणाचे. त्यांनी सुपारी फुटतानाच बजावलं होतं, "जावईबापू, आमच्यात लग्न लागलं की नवरानवरीला सूर्य मावळायच्या आत मुलाच्या घराचा उंबरा ओलांडावा लागतो. मावळल्यावर दारात आलं, तर तसंच माघारी."

"मामा, गाडी आहे आपल्याकडे," बळवंत म्हणाला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने अंगणात काम काढलं. जॅक लावून गाडीचं मागचं अंग उचललं. आधाराला खाली आईचं जातं सरकवलं. बोल्ट सोडले, अॅक्सल पायाने खाली दाबला, लांब स्प्रिंगा ओढून काढल्या आणि त्यांच्या जागी आखूड बसवल्या.

"बाळ्या, माझं जातं कुठंय?" आईने आतून विचारलं.

"गाडीखाली."

"आणि उद्याच्या घाण्याची हळद काय तुझ्या टकुऱ्यावर दळू?"

तेवढ्यात घोरपडशेट आला. काढलेल्या जुन्या स्प्रिंगा तो भंगार म्हणून घेऊन जायचा. फुकट. गिऱ्हाईक वर आभारही मानायचं.

"शेट, ही स्प्रिंग जागेवर खुळखुळतेय," बळवंत म्हणाला.

"गाडी खाली घे. वजन पडलं की घट्ट बसते. चाक हवेत लटकलं तरच ढिली व्हायची. आणि चाक कशाला हवेत जाईल? तू काय विमान घेतलंयस?"

गाडी खाली आली आणि मागून मस्त बसली. शेजारपाजारचे जमले. "वा बळवंतराव! थेट राजेसाहेब!" कोणी घसरगुंडी म्हणालं नाही. आई मात्र पदराला हात पुसत बाहेर आली, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "परसाकडे बसल्यासारखी दिसतेय."

लग्न झकास झालं. परतताना डिकीत रुखवत ठेवलं. पितळी हंडे, कळशा, पाटा-वरवंटा. मागच्या सीटवर दोन करवल्या बसल्या, खात्यापित्या घरच्या. गाडी आणखी खाली गेली.

"जावईबापू, टेकली की हो," केरबा म्हणाले.

"मामा, ती अशीच असते."

नाल्यापाशी हत्तीने घातलेला गतिरोधक होता. हत्तीच्या मानाने तो बारीकच होता. पुढची चाकं पार गेली आणि गाडीचं पोट गतिरोधकावर टेकलं. पुढे जाईना, मागे येईना.

करवल्या खाली उतरल्या. तरसांच्या मुली त्या. "दाजी, तुम्ही बसा," म्हणाल्या आणि त्यांनी मागचा बंपर धरून गाडी उचलली.

मागची दोन्ही चाकं हवेत लटकली. दोन्ही स्प्रिंगा टण्‌दिशी खाली पडल्या, उड्या मारत उतारावरून गेल्या आणि नाल्यात बुडाल्या. करवल्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गाडी खाली सोडली. आता ती बसकी नव्हती, झोपलेली होती.

सूर्य झाडांच्या शेंड्यावर आला होता.

"चला, पायी जाऊ," सुंद्रा म्हणाली. "घर तर दिसतंय समोर."

"गाडी सोडून? लोक बघतायत, सुंद्रा. नवरदेव पायी गेला म्हणतील."

"मग बसा तुम्ही लोकांपाशी."

सुंद्राने शालू वर खोचला आणि करवल्यांना घेऊन तरातरा चालू लागली. ती दारात पोचली तेव्हा ऊन उंबऱ्यावरच होतं. सासूने ओवाळलं, तिने माप ओलांडलं, आत गेली. मग सूर्य मावळला.

थोड्या वेळाने बळवंत आला. नवरदेव पायीच आला. आई दारात उभी होती.

"मावळला," ती म्हणाली. "माघारी जा."

"अगं आई, हे माझं घर आहे!"

"सकाळी होतं. व्याह्यांना शब्द तूच दिलास."

आतून सुंद्राचा आवाज आला, "या हो नंतर! पण उजेडी या, आणि त्याच गाडीतून या. आता मला बघायचीच आहे ती घरी आलेली."

बळवंत सासऱ्यांकडे राहायला गेला. केरबांनी मुलगी दिली आणि जावई घेतला. तो तिथे पाणी भरायचा. इकडे सासू-सुनेचं छान जमलं होतं.

शेवटी तो शेटच्या दुकानात गेला. "शेट, माझ्या जुन्या स्प्रिंगा द्या."

"त्या गेल्या. राजेसाहेबांची कंबर धरली. वैद्यांनी गाडी उंच करायला सांगितली. तुझ्याच बसवल्या त्यांना."

"मग मी काय करू?"

शेटने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्यासाठी खास ठेवल्यात. राजेसाहेबांच्या गाडीतून काढलेल्या. अस्सल. रोज एक गवा सोसलेल्या."

बळवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने त्या कपाळाला लावल्या आणि सासऱ्यांच्या दारात ओढून आणलेल्या गाडीला बसवल्या.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो निघाला. डिकी रिकामी, मागची सीट रिकामी. गाडी तिरकी घालून गतिरोधक हळूच पार केला. गाडी मागून बसकी होती आणि या वेळी खरी राजेशाही बसकी होती. त्याने मान वर करून लोकांकडे बघितलं.

रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या मागून उंच झाल्या होत्या. घोरपडशेटच्या दुकानासमोर रांग होती. पाटी नवी होती, 'येथे लांब स्प्रिंगा मिळतील.' शेट ज्याच्या त्यालाच विकत होता, नीट पुसून.

झाडावरून माकडं ओरडली, "घसरगुंडी आली रे!"

सुंद्राने दार उघडलं. गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "दोघं एकसारखेच दिसता," ती म्हणाली. "या आत. त्या दिवशी माझ्याबरोबर चालला असतात, तर एवढं पाणी भरावं लागलं नसतं."

तात्पर्य: मोठ्यांची नक्कल करू नये, असं तुम्हाला शाळेत सांगतील. ऐकू नका, बाळांनो. नक्कल अवश्य करावी. फक्त काढलेली जुनी वस्तू घरात अडगळ म्हणून ठेवू नये, शेटजींच्या दुकानात नेऊन द्यावी. पुढच्या हंगामात तीच लागते. आणि शेटजींनाही पोट आहे, ते जमिनीला टेकलेलं असलं म्हणून काय झालं?