तेलुगू बोलणारी मुलगी

चंद्रपूरच्या बसस्टँडवर बाकड्यासमोर उकिडवा बसून संघपाल आपल्या मुलीची तोंडी परीक्षा घेत होता. हातात पाण्याची बाटली होती आणि तिचं झाकण त्याने अंगठ्याने दाबून धरलं होतं.

“पाणी म्हण बेटा. पा... णी.”

साक्षीने बाटलीकडे पाहिलं. ओठ मिटले, उघडले, जीभ बाहेर आली, परत आत गेली. एवढी तयारी झाल्यावर ती म्हणाली, “मामा.”

“मामा नाई. इकडं पाह्य माह्याकडं. पा.”

“ना... ना.”

“आता नाना कुठून आला? सकाळी तर म्हटलं होतं तू.”

सकाळी खरंच म्हटलं होतं. नागभीडच्या घरी मोरीत मग्गा घेऊन खेळता खेळता, कोणी न विचारता, ती स्वच्छ ‘पाणी’ म्हणाली होती. संघपाल दाढीचा फेस तोंडावर घेऊन धावला, त्याची बायको हर्षा तव्यावरची पोळी टाकून धावली. दोघांनी मोरीच्या दारात उभं राहून “परत म्हण, परत म्हण” सुरू केलं. साक्षीने दोघांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “बूबू.” तेवढ्यात पोळी जळाली.

साक्षी तीन वर्षांची होती. चंद्रपूरच्या वाचाउपचार करणाऱ्या रीना मॅडमनी सगळं समजावून सांगितलं होतं. मुलीची बुद्धी चांगली, कान चांगले. तिला काय म्हणायचं आहे ते तिला पक्कं ठाऊक असतं. पण त्यासाठी जीभ कुठे न्यायची, ओठ कधी मिटायचे, हा निरोप डोक्यातून तोंडापर्यंत येता येता वाट चुकतो. आज जमलेला शब्द उद्या जमेलच असं नाही, आणि ‘म्हण’ म्हटलं की हमखास निसटतो. सराव करायचा, धीर धरायचा. किती दिवस, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, “दिवस नका मोजू, सर.”

घरी इलाजांची कमी नव्हती. संघपालची आई केसरबाई हिने पोपटाने चोच मारलेला पेरू कुठूनसा आणून नातीला खाऊ घातला. शेजारच्या बाईने जिभेखालची शीर कापायला सांगितली. वडील सोमाजी यांचं मत वेगळंच होतं. “बापच इतका बोलते,” ते म्हणायचे, “पोरीले मधात शिरायले जागा कुठी हाय?”

ते संघपालला लागायचं, कारण तो हायस्कुलात मराठी शिकवायचा. जयंती असो, निरोप समारंभ असो, त्याच्या भाषणाशिवाय माईक बंद होत नसे. मुलीचं नावही त्यानेच मोठ्या हौसेने निवडलं होतं. त्याने अर्थ पाहिला, जोडाक्षर पाहिलं नाही. आता रोज संध्याकाळी तो आपल्याच मुलीकडून ‘क्ष’ची आशा करत बसायचा.

एरवी चंद्रपूरला हर्षा यायची. आज तिची दवाखान्यात ड्युटी लागली, म्हणून संघपाल एकटाच पोरीला घेऊन आला होता. मॅडमनी निघताना सांगितलं होतं, “तिला मागायची संधी द्या, थोडं थांबा, मग देऊन टाका.” यातलं ‘थांबा’ संघपालने मनावर घेतलं होतं. ‘देऊन टाका’ त्याच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

“पा,” तो म्हणाला.

साक्षी रडायला लागली. तेवढ्यात फोन वाजला. हर्षाचा होता.

“झालं का? काय म्हटलं मॅडमनं? बोलली का काही?”

संघपाल उठून उभा राहिला. उभं राहिल्याशिवाय त्याला सविस्तर बोलता येत नसे. आज मॅडमनी आरसा कसा वापरला, ‘म’ कसा सुटा येतो पण ‘प’च्या वेळी ओठ कसे फसतात, पालकांची यात भूमिका काय, हे सगळं त्याने मुद्देसूद सांगितलं. सांगता सांगता तो बाकड्याच्या मागे दोन फेऱ्या मारून आला. हर्षा शेवटी म्हणाली, “बरं, पेशंट आला, ठेवतो मी फोन कप्प्यात.” मुलगी बोलत का नाही, हे सांगून संपलं तेव्हा बाकड्यावर मुलगी नव्हती.

आधी तो बाकड्याखाली वाकला. मग उसाच्या रसाच्या गाडीमागे पाहिलं. मग “साक्षी, साक्षी” अशा हाका मारत फलाटांवरून धावला. धावता धावता त्याच्या लक्षात आलं, की ती हाक ऐकेल, पण ओ देणार नाही. ओ द्यायलाही तोंड लागतं. समोर एक गाडी मागे येत होती, कंडक्टर मागून शिट्टी मारत होता. संघपालने खाली वाकून तिची चाकंसुद्धा पाहिली.

फुटाणे विकणाऱ्या एका बाईने त्याला धरलं. “काय झालं, भाऊ?”

“पोरगी हरवली. तीन वर्षांची.”

“नाव सांगते का आपलं?”

“नाई.”

“बापाचं?”

“नाई.”

“गावाचं तरी?”

“काहीच सांगता येत नाई तिले.”

बाई म्हणाली, “मंग एवढे दिवस शिकवलं काय तुमी?”

संघपालकडे याचं उत्तर होतं, पण ते लांब होतं. तो पुढे धावला.

तेवढ्यात भोंगा खरखरला. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. एक लहान मुलगी, वय अंदाजे तीन, तेलुगू बोलणारी, चौकशी कक्षात सुरक्षित आहे. पालकांनी येऊन घेऊन जावे.”

संघपाल ऐकून थांबला आणि उलट दिशेला वळला. एका तेलुगू माणसाचं भलं झालं, इतकंच त्याच्या मनात आलं. थोडा हेवाही वाटला. त्या माणसाची मुलगी हरवली खरी, पण बोलते तर. तेलुगू का होईना.

तो प्रसाधनगृहाकडे गेला, सायकल स्टँडवर गेला, रस्त्याच्या कडेच्या ऑटोवाल्यांना विचारून आला. कोणी म्हणालं, कपडे कोणते? त्याला आठवेना. सकाळी तिला फ्रॉक हर्षाने घातला होता. तो पिवळा म्हणाला, मग म्हणाला निळा असेल. ऑटोवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भोंगा मधूनमधून वाजतच होता. “तेलुगू बोलणारी मुलगी. तेलुगू बोलणारी मुलगी.” दर वेळी संघपालचा संताप वाढत होता. एकाच पोरीसाठी किती बोंबलायचं, इथे दुसऱ्यांच्याही पोरी हरवतात.

शेवटी आपल्याही मुलीची हाक भोंग्यावरून द्यावी म्हणून तो घामाघूम होऊन चौकशी कक्षाच्या खिडकीशी पोचला. आत श्रावणभाऊ नावाचे वयस्क नियंत्रक चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

“भाऊ, माझी मुलगी हरवली. तीन वर्षांची.”

“एक हाय आमच्यापाशी. तेलुगू हाय का तुमी?”

“नाई, मी नागभीडचा.”

“मंग ते नाई. तुमची काय बोलते?”

“काहीच नाई बोलत.”

“मंग ते नाईच,” श्रावणभाऊ ठामपणे म्हणाले. “आमची तं चूप बसून नाई राह्यली.”

आणि त्यांनी मागे बोट दाखवलं.

मागच्या बाकावर साक्षी बसली होती. फ्रॉक हिरवा होता. तिच्या शेजारी ठसठशीत नथनी घातलेली, मोठ्या कुंकवाची एक म्हातारी होती, तिच्या पायाशी दोन बोचकी होती. साक्षी हातवारे करून तिला काहीतरी सांगत होती. “नीनी बा, मा नाना, दादा बू.” म्हातारी गालावर हात ठेवून ऐकत होती आणि तेलुगूत उत्तर देत होती. मग साक्षी आणखी बोलत होती. संघपालने आपल्या मुलीला इतकं सलग बोलताना कधी पाहिलं नव्हतं. तो खिडकीची सळई धरून तसाच उभा राहिला.

“ती माझी आहे,” तो म्हणाला.

श्रावणभाऊंनी चष्मा खाली घेतला आणि दार उघडून त्याला आत घेतलं. “तुमीच तं म्हणता, बोलत नाई.”

“ती बोलत नाहीये. ते तेलुगू नाही. ते काहीच नाही.”

म्हातारीचं नाव पोसक्का. लेकीच्या बाळंतपणाला आली होती आणि आता तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याच्या गाडीची वाट पाहत होती. फलाटावर एकटी दिसलेल्या साक्षीला तिनेच इथे आणून बसवलं होतं. तिला हे बोलणं आवडलं नाही. “काहीच नाई कसं? पोरगी ‘नीनी’ म्हणली. आमच्यात नीळ्ळु मंजे पाणी. मी पाणी दिली. सगळी बाटली पिली. तहान लागली होती लई.”

संघपालने हातातली भरलेली बाटली पाठीमागे लपवली.

हाफ डे करून घरी निघालेली खुशबू नावाची पोलीस शिपाई श्रावणभाऊंनी बोलावून आणली. तिने नियमाप्रमाणे आधी मुलीलाच विचारलं. “बेटा, हे कोण हाय? सांग बरं.”

‘सांग’ म्हटलं की काय होतं ते संघपालला ठाऊक होतं.

साक्षीने त्याच्याकडे पाहिलं. डोळे चमकले. ओठ मिटले, उघडले. “मामा,” ती म्हणाली.

“मामा व्हय तुमी?” खुशबूने विचारलं.

“बाप आहे मी. तिला ‘बाबा’ म्हणायचं आहे. ‘ब’ येतो तिला, पण आता नाही आला.”

“मामा तेलुगूतबी मामाच,” पोसक्काने माहिती पुरवली.

संघपालने मोबाईल काढून फोटो दाखवले. साक्षी झोक्यावर, साक्षी आजीच्या मांडीवर, साक्षी बैलपोळ्याला. खुशबू म्हणाली, “भाचीचे फोटो मामापाशी नसते का? माह्यापाशी पन्नास हायेत.” हर्षाला फोन लावला. रिंग जात राहिली. फोन दवाखान्याच्या कप्प्यात होता. मग त्याने आजाराचं नाव सांगितलं, मेंदूपासून जबड्यापर्यंत निरोप कसा जातो ते सांगायला सुरुवात केली. भोवती जमलेल्या लोकांत कोणीतरी म्हणालं, “इतकं पाठ करून आलाय, म्हंजे गडबड हाय.”

संघपाल बोलायचा थांबला. जिल्हाभर माईक गाजवलेल्या त्या माणसाला एक साधं वाक्य कोणाला पटवून देता येत नव्हतं. जे म्हणायचं होतं ते डोक्यात स्पष्ट होतं, आणि बाहेर येत होतं ते कोणाच्याच कामाचं नव्हतं. त्याला रडू यायला लागलं. तो तिथेच फरशीवर बसला.

साक्षी बाकावरून उतरली. त्याच्याजवळ आली, त्याच्या खांद्याच्या पिशवीची चेन ओढली आणि आत दोन्ही हात घालून शोधाशोध करू लागली. एक टॉवेल निघाला, मऊ भाताचा डबा निघाला, मग दोन धुतलेल्या छोट्या चड्ड्या निघाल्या. त्यांतली एक तिने बापाच्या हातात दिली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की तिच्या पायाशी पाणी साचलं आहे. पोसक्काची सगळी बाटली.

खुशबूने चड्डीकडे पाहिलं, मग संघपालकडे. “जा घेऊन,” ती म्हणाली. “मामा चड्ड्या घेऊन नाई फिरत.”

श्रावणभाऊंनी फरशी पुसायला पोतं आणायला कोणाला तरी पाठवलं आणि भोंग्यावरून सांगून टाकलं, “तेलुगू मुलीचे पालक मिळालेले आहेत.”

संघपालने साक्षीला कोरडं केलं, कडेवर घेतलं. तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि एकदम चूप झाली. सिरोंच्याची गाडी लागली होती. पोसक्का बोचकी घेऊन चढली, खिडकीजवळ बसली आणि तिथूनच तिने बजावलं, “पोरगी चांगली बोलते. तुमी तेलुगू शिका.”

त्याला हसू आलं नाही. तेवढ्यात हर्षाचा फोन आला.

“इतक्या वेळा फोन काऊन केला? साक्षी बरी हाय ना?”

“बरी हाय. घरी आल्यावर सांगतो.”

“काय झालं? रडून राह्यले का तुमी?”

“हर्षा, ती बोलली आज. लई बोलली. एका बाईसंग.”

हर्षाने हळूच विचारलं, “काय बोलली?”

संघपालने गाडीकडे पाहिलं. ड्रायव्हर चढला होता. तो खिडकीशी गेला.

“बाई, ती तुम्हाला काय सांगत होती?”

पोसक्काला आश्चर्य वाटलं नाही. “सांगे, मी नाई हरवली. नाना हरवला. आमच्यात नाना मंजे बाप. बाप फोनवर बोलत बोलत कुठी गेला, दिसत नाई म्हणे.”

संघपालला माहीत होतं, की साक्षीचा ‘नाना’ म्हणजे ‘नाही’, किंवा काहीच नाही. हे सगळं म्हातारीच्या मनचं होतं. गाडी सुरू झाली.

“आणखी काय म्हणाली?”

“कोण हाय तिथी?” हर्षा फोनवर विचारत होती. “काय सांगते ते बाई?”

“साक्षी काय बोलली ते. तेलुगूतून.”

“तिले तेलुगू कुठी येते?”

“नाई येत.”

“मंग?”

“तरी बाई सांगून राह्यली.”

गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. कंडक्टरने शिट्टी मारली. खिडकीतून पोसक्का पुढचं सांगतच होती, घरी बैल आहेत म्हणे, आजी पेरू देते म्हणे, आंबट असते म्हणे. संघपाल पोरीला कडेवर घेऊन गाडीबरोबर चालत होता.

“मले काही आयकू नाई येत,” हर्षा म्हणाली. “फोन जवळ न्या ना जरा.”

संघपालने चालता चालता हात उंच केला आणि फोन खिडकीच्या गजाशी धरला.