शनी, सैल प्लग आणि गच्चीवरची खोली

“आयुष्यभर लिफ्टा तपासल्यात मी. अधांतरी अडकलेली माणसं सुखरूप खाली आणलीत. आणि मला एक वायर लॅपटॉपला जोडता येणार नाही?”

आप्पांनी हे वाक्य चहाचा कप हातात धरून, हॉलच्या मधोमध उभं राहून टाकलं. ऐकायला बायको होती, तिची मोठी बहीण होती आणि त्या बहिणीचे यजमान, म्हणजे आप्पांचे साडू, होते. लिफ्ट निरीक्षकाच्या नोकरीतून आप्पा निवृत्त झाले तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. अजूनही कुणाच्या घरी गेले की आधी दार दोनदा उघडबंद करून बघायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे.

“बोलण्यात काय आहे? करून दाखवा,” साडू म्हणाले.

साडूंचा स्वभावच तसा. जन्मभर विमा विकल्यामुळे समोरच्याचं काहीतरी वाईट होणार यावर त्यांचा गाढ विश्वास होता.

आता मूळ भानगड सांगतो. आप्पांच्या घराला वर गच्ची आणि गच्चीवर एक छोटी खोली. त्या खोलीत बायकोचं भरतकामाचं मशीन. लॅपटॉपवर नक्षी निवडायची, बटण दाबायचं, की मशीन आपोआप हॉटेलांच्या नॅपकिनांवर त्यांची नावं भरून द्यायचं. काम जोरात चाललं होतं. तेवढ्यात आप्पांनी कुणाकडून तरी वापरलेली दुर्बीण आणली आणि त्याच खोलीत आणून उभी केली. दुर्बीण म्हणजे नुसतं नळकांडं नव्हे. खाली मोटारवालं जड बूड, त्याला माउंट म्हणायचं. लॅपटॉपवर ग्रहाचं नाव निवडलं की माउंट फिरतो आणि दुर्बीण बरोबर त्या ग्रहाकडे तोंड करते. निदान आप्पा तरी तसं सांगायचे. प्रत्यक्षात दुर्बीण आल्या दिवसापासून एका जागी उभी होती आणि बायको तिच्यावर ओले नॅपकिन वाळत घालत होती.

शेवटी बायकोने पाहुण्यांदेखत विषय मिटवला. “आज ताई-भावजी आलेत. आकाशही मोकळं आहे. आज त्या यंत्राने आपणहून फिरून शनी दाखवला, तर खोली तुमची. मी मशीन खाली आणते, शब्द काढणार नाही. नाही दाखवला, तर दुर्बीण उद्या माळ्यावर.”

“कबूल,” आप्पा म्हणाले. माळ्यावर गेलेली वस्तू या घरात पुन्हा कुणाला दिसलेली नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची व्यायामाची सायकल तिथेच होती.

अंधार पडायच्या सुमारास सगळे गच्चीवर जमले. आप्पांनी दुर्बीण बाहेर काढली, यंत्राला दिशा कळावी म्हणून आधी हाताने चंद्रावर नेम धरला, खिडकीतून वायर आत घेतली आणि लॅपटॉपला खोचली. पडद्यावर हिरवी खूण आली: जोडणी झाली.

“बघा,” आप्पा साडूंना म्हणाले. “निघालं काय, साधी वायर.” आणि डावा हात शेजारच्या मशीनवर ऐटीत टेकवून त्यांनी उजव्या हाताने शनीवर क्लिक केलं.

दुर्बीण ढिम्म. पण भरतकामाचं मशीन मात्र एकदम खडबडून जागं झालं आणि खटखटखटखट सुरू झालं. लॅपटॉपने जोडणी केली होती, नाही असं नाही, पण ती रोजच्या ओळखीच्या मशीनशी. शनीकडे जायचा हुकूम त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्याने आपल्या समजुतीप्रमाणे हाताशी होतं ते शिवायला घेतलं. हाताशी आप्पांची बाही होती.

“अगं, बंद कर, बंद कर!”

बायकोने धावत जाऊन बटण बंद केलं. बोट वाचलं. पण शर्टाचा कफ आणि एक नॅपकिन यांचं लग्न लागून गेलं होतं, तेही दुहेरी टाक्याने.

“उसवून देते, थांबा.”

“आत्ता नको. शनी समोरच्या इमारतीमागे जाईल.”

आप्पांनी तसाच, मनगटाला हॉटेलचा नॅपकिन लोंबत असताना, दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाला फोन लावला. मुलगा संगणकातला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बाबा, आधी आईच्या मशीनची वायर काढा. आता काय दिसतंय?”

“काहीच नाही.”

“म्हणजे माउंट लॅपटॉपला दिसतच नाहीये. कुठली वायर लावलीत?”

“माझ्या दाढीच्या मशीनची. टोक तंतोतंत बसतंय.”

“बाबा, ती नुसती चार्जिंगची. तिच्यातून करंट जातो, निरोप जात नाही. आईच्या मशीनची लावा.”

आप्पांनी बायकोकडे बघितलं. बायकोने साडूंकडे बघितलं. साडू आकाशाकडे बघत म्हणाले, “हातानेच फिरवा की. एवढं काय त्यात?”

“हाताने जिना चढता येतो म्हणून लोक लिफ्ट बसवायची थांबलेत का?” आप्पा कडाडले. हाताने जिना कोण चढतं, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही.

बायकोने आपली वायर काढून दिली. पैज तिच्या विरुद्ध होती, तरी दिली. ही बाई अशी आहे. आप्पांनी ती माउंटला खोचली. हिरवी खूण आली. गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. माउंटमधून घर्रर्र असा आवाज निघाला, दुर्बिणीने मान तिरकी केली आणि तशीच राहिली.

“गेला तुमचा शनी,” साडू समाधानाने म्हणाले. “ताईंना म्हणावं माळा झाडून ठेवा.”

“भावजी, ताई तुमची बायको. माळा माझा आहे,” बायको म्हणाली.

पण आप्पांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते त्या येत्या-जात्या हिरव्या खुणेकडे टक लावून बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता. ही खोड त्यांच्या ओळखीची होती! लिफ्टचं दार नीट टेकलं नाही की लिफ्ट जागची हलत नाही. जरा टेकलं की हलते, सुटलं की थांबते. गावभरच्या लिफ्टांनी त्यांना हाच त्रास दिला होता. हा प्लग म्हणजे न लागणारं दार होतं. वापरून वापरून भोक सैल झालेलं. आणि अशा वेळी मेकॅनिक लोक काय करतात? दाराची पट्टी हाताने दाबून धरतात आणि लिफ्ट चालवतात. असं करणाऱ्या किती जणांना आप्पांनी उभं-आडवं झापलं होतं, लेखी समज दिली होती, त्याला गणती नव्हती.

आप्पा मुकाट्याने माउंटखाली उकिडवे बसले, हात आत घातला आणि अंगठ्याने प्लग वर, जरासा डावीकडे रेटून धरला.

हिरवी खूण आली. आणि राहिली.

“दाब,” ते खालून म्हणाले. “शनीवर दाब.”

बायकोने क्लिक केलं. मोटार गुणगुणली. दुर्बीण सावकाश वळली, उंचावली, जरा मागे आली आणि थांबली. बायको खोलीतून बाहेर आली, डोळा लावला, आणि तशीच वाकून राहिली.

“अगं बोल काहीतरी.”

“अहो,” ती हळूच म्हणाली, “कडं आहे त्याला. खरंच आहे.”

मग जी गर्दी झाली म्हणता! ताईंनी बघितलं आणि आनंदाने टाळ्या पिटल्या. आवाज ऐकून शेजारच्या गच्चीवरचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई मधली भिंत ओलांडून आले. एकदा बघून झालेले पुन्हा रांगेत लागले. सगळ्यांत शेवटी साडू वाकले. वाकले ते उठेचनात. उठले तेव्हा त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं, आणि लग्नानंतर हे प्रथमच घडत होतं, असं ताईंनी नंतर सांगितलं.

आप्पा प्लग धरून खालीच होते; सोडला असता तर मोटार थांबून सरकता शनी निसटला असता. पायाला मुंग्या आल्या होत्या, पाठीत कळ येत होती, मनगटाला नॅपकिन लोंबत होता. डॉक्टरांनी जाता जाता त्याला हातसुद्धा पुसले. पण आप्पांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की विचारू नका. वर प्रत्येक ‘अय्या’ आणि ‘अरे वा’ झालं की ते अंगठा आणखी रेटायचे.

“खोली तुमची,” बायको वाकून म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा नव्हता. “मशीन मी हॉलमध्ये ठेवते, टीव्हीच्या जागी.”

“ठेव,” आप्पा म्हणाले. त्या क्षणी ते टीव्हीच काय, हॉलसुद्धा देऊन मोकळे झाले असते. “बरं, आता मला बघू द्या. साडूभाऊ, या इथे. असा अंगठा, वर आणि जरासा डावीकडे.”

साडू आज्ञाधारकपणे खाली बसले आणि प्लग उजवीकडे रेटला. हिरवी खूण गेली. मोटार थांबली. आप्पा गुडघे धरत उभे राहून डोळा लावेपर्यंत शनी चौकटीबाहेर निघून गेला होता. मग आप्पा पुन्हा खाली, साडू वर, पुन्हा अदलाबदल, असं बराच वेळ चाललं. तेवढ्यात शनी समोरच्या इमारतीमागे गेला. आप्पांना दिसली ती त्या इमारतीवरची पाण्याची टाकी, पण फार सुरेख दिसली.

पाहुणे जेवून गेले. बायको आप्पांची बाही उसवत बसली होती, एवढ्यात मुलाचा फोन आला.

“काय बाबा, दिसला का शनी?”

“दिसला का म्हणजे? सगळी गच्ची भरली होती! तुझ्या काकांची वाचा गेली. खोली जिंकली मी.”

“वा! आणि कडं?”

“अरे, कडं काय विचारतोस. स्पष्ट. सुटं. चहूकडून.”

“रंग कसा होता हो?”

आप्पांनी फोनवर तळहात ठेवला.

“अगं,” ते बायकोच्या कानाशी लागून म्हणाले, “रंग कसा होता?”